पोटातलं डंपिंग

मी फार बोलत नाही. घरी कोणी आलं की मी ओट्याकडे तोंड करून उभी राहते आणि पाहुणा जाईपर्यंत काहीतरी पुसत राहते. त्यामुळे माझ्या आजाराची हकिकत मी कोणाला नीट सांगितलेली नाही. पण माझ्यासारखं पोटाचं ऑपरेशन झालेली बाई आता मला लांबून ओळखू येते. जेवून उठली की ती भिंत शोधते. कपाळावरचा घाम पदराने टिपते आणि कोणी बघितलं का ते बघते. तिच्याजवळ जाऊन दोन शब्द बोलावेत असं फार वाटतं, पण पाय उचलत नाही. लिहिता मात्र येतं. चौथीपर्यंत शिकले, तेवढं याला पुरेल.

*

आम्ही मुलुंड पूर्वेला चाळीत राहतो. आमच्या ह्यांची गिरणी बंद पडली, तेव्हापासून हे मरोळला एका कारखान्यात जातात. मंगल आणि बंड्या ही दोन मुलं. माझं पोट बरीच वर्षं दुखत होतं. दुखलं की मी सोडा पाण्यात घालून घ्यायची आणि कामाला लागायची. दुखणं हे घरातल्या कामासारखंच एक काम होतं.

मग उलट्या सुरू झाल्या. सकाळी खाल्लेला भात संध्याकाळी जसाच्या तसा बाहेर यायचा. मी ते मोरीत पाणी ओतून घालवायची. एकदा मंगलने बघितलं आणि वडील घरात शिरताच, त्यांनी चपला काढायच्या आधी, सांगून टाकलं.

हॉस्पिटलात खडूसारखं पांढरं पाणी प्यायला देऊन फोटो काढले. डॉक्टरांनी फोटो खिडकीपाशी उजेडात धरला. ते तरुण होते, नागपूरकडचे. म्हणाले, "अल्सरमुळे जठराचं खालचं तोंड आवळून गेलंय. अन्न पुढे जातच नाही. ऑपरेशन करून जठराचा भाग काढावा लागेल."

"किती?" ह्यांनी विचारलं.

"अर्ध्याहून जास्त."

यावर आम्ही दोघांनी नुसती मान हलवली, भाजीवाल्याने भाव सांगावा तशी. बाहेर येऊन बसस्टॉपवर उभे राहिलो. हे म्हणाले, "भीती वाटते गो तुला?"

मी म्हटलं, "नाही."

"मला वाटते," हे म्हणाले. मग बस आली.

मी खरं तर तेव्हा घाबरले नव्हते. घाबरले नंतर, चाळीतल्या बायका माझ्याशी एकदम गोड बोलायला लागल्या तेव्हा. शेजारच्या लीलाताईंनी त्या आठवड्यात माझं पाणी भरून दिलं. लीलाताई नळावर स्वतःच्या सख्ख्या जावेला नंबर देत नाहीत. तेव्हा मला कळलं की सगळ्यांना मोठा आजार वाटतोय. तो नव्हता. ते ऑपरेशननंतर कळलं, पण मधले दिवस मी त्या आजाराबरोबरच काढले.

*

गावाहून सासूबाई आल्या. आम्ही त्यांना आये म्हणतो. येताना ट्रंकेत स्वतःचं एक लुगडं आणि बाकी सगळे उकडे तांदूळ. मुंबईच्या तांदळाला माणूस बरं करायची ताकद नाही, असं त्यांचं मत.

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही, म्हणून लिहीत नाही. जाग आली तेव्हा नाकात नळी होती आणि पोटावर जड काहीतरी ठेवलंय असं वाटत होतं. ते माझंच पोट होतं. पाणी द्यायचं नव्हतं. ओला कापूस ओठांवरून फिरवायचे. तहान काय असते ते मला तेव्हा कळलं. पलीकडच्या खाटेवरची बाई चहा प्यायची, तर मी तिच्या घशाकडे बघत राहायची.

वॉर्डातला दिवस ठरलेला. पहाटे फरशी पुसायचे, मग चहाची मोठी किटली यायची, मग सिस्टर चादरी ताठ करून जायच्या आणि आम्ही पण चादरीसारख्या ताठ पडून डॉक्टरांची वाट बघायचो. भेटायच्या वेळेला हे कामावरून परस्पर यायचे आणि खाटेजवळ उभे राहायचे. स्टूल असलं तरी बसायचे नाहीत. ते खाटेला लावलेला कागद वाचायचे. तो इंग्रजीत होता.

वॉर्डातल्या मावशी मला एक दिवस म्हणाल्या, "केसांची वाट लावलीस गं, उठ जरा." त्यांनी गुंता काढून वेणी घातली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी घरी जाईन.

घरी सोडताना डॉक्टर घाईत होते. मी, हे आणि आये समोर उभे. ते म्हणाले, "थोडं थोडं खायचं, दिवसातून पाच-सहा वेळा. आणि हलकं खायचं."

आयेंनी त्यातलं एकच ऐकलं. व्हरांड्यात येताच ह्यांना म्हणाल्या, "हलका म्हणजे पेज. ता काय सांगूक होया?"

आमच्यात हलकं म्हणजे पेजच. माझ्याही मनात दुसरं काही आलं नाही.

*

आये पेज मन लावून करायच्या. उकडे तांदूळ मंद आचेवर शिजवायचे, हाताने घोटायचे, त्यात गुळाचा मोठा खडा. वाडगं भरून माझ्या हातात द्यायच्या आणि संपेपर्यंत समोर बसायच्या. "पी गो, पोटाक बरा वाटतला."

मी प्यायची. वाडगं खाली ठेवते न ठेवते तोच पोट गच्च व्हायचं. पोटात गुरगुर सुरू व्हायची, ती खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जायची. मग छाती धडधडायची, जिना चढून आल्यासारखी. वरच्या ओठावर, कपाळावर घाम. हात गार. डोळ्यांपुढे अंधारी. तिथेच आडवं व्हावं असं वाटायचं, पण व्हायची सोय नव्हती, कारण लगेच डबा घेऊन चाळीच्या टोकाला पळावं लागायचं. तिथे रांग असायची. मी रांगेत पोट धरून उभी, आणि पुढून लीलाताई मोठ्याने, "अगो तिला आधी जाऊ द्या रे! हिचं काही खरं नाही!"

त्यांचा हेतू चांगला होता. मला मात्र जमिनीने पोटात घ्यावं असं वाटायचं.

परत आले की गळून जायची. मला पांढरी पडलेली बघून आये ग्लुकोज पाण्यात कालवून द्यायच्या. ते प्यायलं की पुन्हा तेच सगळं, पहिल्यापेक्षा वाईट. कधी एवढं होऊन दोन-एक तासांनी हातपाय कापायचे आणि अशी भूक लागायची की समोर दिसेल ते खावं. मग पुन्हा पेज.

आयेंनी मीठ-मिरच्या ओवाळून नजर काढली. मी मनाशी समजले की ऑपरेशन बिघडलं. डॉक्टरांकडे दोनदा दाखवायला गेले. त्यांनी विचारलं, "कसं काय?" मी म्हटलं, "बरं आहे." पुरुष माणसाला रांगेचं कसं सांगणार? वजन मात्र उतरत होतं. चोळीच्या बाह्या हातावर फिरायला लागल्या.

*

एका रविवारी थोरले दीर दहिसरहून आले. त्यांना सगळे दादा म्हणतात, मीही. घरातलं काही ठरवायचं असलं की ते येतात, आणि ते आले म्हणजे ठरलेलं असतं. चहा घेऊन म्हणाले, "हिला मुंबईची हवा मानवत नाय. मे महिन्यात सगळी गावाक जाताच आहात. येताना हिला तिकडे ठेवा. आये आहेच. पोरांचं माझी बायको बघेल."

"किती दिवस?" ह्यांनी विचारलं.

"बरी होईपर्यंत रे."

मी ओट्याकडे तोंड करून उभी होते. आमच्या माणसांत आजारी बाईला गावाला ठेवायची रीत आहे. हवा चांगली, खर्च नाही, करायला माणसं. माझी एक चुलत जाऊ अशीच ठेवली होती. तिची मुलं मुंबईत मोठी झाली आणि तिला विसरून गेली. ती गेल्याचं कळलं तेव्हा तिच्या धाकट्याने विचारलं होतं, "कोणची आई?" मंगलने शाळा सोडून भाकऱ्या थापायला लागायला एवढं पुरलं असतं. मी बरी होऊन परत येईन असं त्या खोलीत कोणालाच वाटत नव्हतं. मलाही नाही.

मे महिना फार लांब नव्हता.

*

मध्ये आये दहिसरला नातवाच्या बारशाला गेल्या. जाताना मंगलला पेज शिकवून गेल्या. मंगलने पहिल्याच दिवशी पेज लावली, पुस्तक घेऊन बसली आणि पेज करपवली. टोप काळा, पोरगी रडायला लागली. "आये मला मारणार."

मी म्हटलं, "आये इथे कुठे आहे? रडू नको."

मुलांसाठी तांदळाची भाकरी होती आणि सुकटीची चटणी. भूक तर लागली होती. मी अर्धी भाकरी घेतली आणि चावून चावून खाल्ली. घशाखाली घास उतरताना भीती वाटत होती, म्हणून आधीच डबा पाण्याने भरून दाराशी ठेवला आणि वाट बघत बसले.

काही झालं नाही.

मी आणखी थोडा वेळ बसले. बंड्या म्हणाला, "आई, जायचं नाय काय?" मी म्हटलं, "बोलावणं आलं नाही." मुलं हसली. मला त्या आजारपणात मुलांना हसवल्याचं हे एकदाच आठवतं.

संध्याकाळी खुशीत येऊन गोड चहा घेतला आणि लगेच घाम फुटला, धडधड सुरू झाली. दुसऱ्या दिवशी चहा घेतलाच नाही. उकडलेलं अंडं आणि चपाती खाल्ली. शांत. पाणी नंतर, सावकाश. तेही शांत. मला कळलं ते एवढंच: पातळ आणि गोड मला चालत नाही. पण हे डॉक्टरने सांगितलेलं नव्हतं, मीच काढलेलं होतं, आणि माझं कोण ऐकणार?

आये आल्या. बंड्याने उंबऱ्यातच बातमी दिली. आयेंनी कपाळावर हात मारला. "भाकरी खाल्लंस? टाके घातले हत पोटाक! आतडी फाटतली गो!" आणि त्या खरोखर रडायला लागल्या. मग पुन्हा पेज ठेवली. मी प्यायले. या वयात माझ्यासाठी गावाहून तांदूळ वाहून आणणाऱ्या बाईला तुमची पेज नको, असं मला म्हणता आलं नाही. त्यापेक्षा रांगेत जाऊन उभं राहणं सोपं होतं.

*

पुढच्या वेळी डॉक्टरांनी मला वजनाच्या काट्यावर उभं केलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "ताई, तुम्ही जेवता का नाही?"

आये माझ्या शेजारी होत्या. मी खाली बघत म्हटलं, "हलकंच खाते."

"हलकं म्हणजे काय?"

"पेज."

"पेज म्हणजे?"

मी मान वर करून बघितलं. थट्टा करतायत असं वाटलं. मराठी माणसाला पेज माहीत नाही हे मला खरं वाटेना. मी म्हटलं, "तांदळाची. पातळ."

"किती पातळ?"

"पिता येते."

"त्यात काही घालता?"

"गूळ."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पिऊन झाल्यावर काय होतं?"

हा प्रश्न मला आधी कोणी विचारला नव्हता. मी सांगितलं. घाम, धडधड, अंधारी, आणि रांगेचंही, अगदी हळू आवाजात. भाकरीचं सांगितलं. ते ऐकत गेले आणि मध्ये एकदाच म्हणाले, "मी हलकं म्हटलं ते तेल-मसाला कमी या अर्थाने."

मग त्यांनी समजावलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. जठर ही पिशवी. तिला खाली एक दार असतं. ते दार अन्न थोडं थोडं आतड्यात सोडतं. ऑपरेशनात माझी पिशवी लहान झाली आणि दार गेलं. आता पातळ आणि गोड काही प्यायलं की ते एकदम आतड्यात जाऊन कोसळतं. आतडं घाबरून अंगातलं पाणी ओढून घेतं, म्हणून घाम, म्हणून धडधड. गोड गेल्यामुळे मागाहून साखर एकदम उतरते, म्हणून ते हातपाय कापणं. ऑपरेशन बिघडलेलं नाही. काही जणांना असं होतं आणि सांभाळलं तर बहुतेकांचं कमी होत जातं.

"याला डंपिंग म्हणतात," ते म्हणाले. मग आयेंकडे वळून मोठ्याने, "आजी, पेज बंद! पेजेमुळेच डंपिंग होतंय!"

*

मुलुंडमध्ये राहणाऱ्या माणसाला डंपिंग म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आमच्या पलीकडे, खाडीच्या बाजूला, मुंबईचा कचरा टाकतात. वारा तिकडून आला की लीलाताई खिडकी लावतात आणि म्हणतात, "आलं डंपिंग!" आये मुंबईत राहून जे थोडे शब्द शिकल्या होत्या, त्यांतला हा एक.

आम्ही घरी आलो. उंबऱ्याच्या आत आल्यावर आये म्हणाल्या, "माझ्या पेजेक कचरो म्हणता तो?"

मी म्हटलं, "तसा नाय, आये."

"माझ्या कानान आयकलंय. डंपिंग म्हणालो."

त्या उठल्या, उरलेले तांदूळ ट्रंकेत घातले आणि ट्रंकेवर बसल्या. ह्यांनी येऊन समजूत घातली, मंगलने घातली. काही उपयोग नाही. स्वयंपाक करायच्या, पण माझ्या ताटाकडे बघायच्या नाहीत. चाळीत दोन दिवसांत पसरलं की वैनीच्या, म्हणजे माझ्या, पोटात डंपिंग निघालं. लीलाताई येऊन विचारून गेल्या, "वास-बिस येतो काय गं?"

मी खात होते आणि मला उतरत होतं. कोरडी भाकरी, भाजलेला बांगडा, घट्ट डाळ, अंडं. घास लहान, चावून. जेवताना पाणी नाही. पाणी मागाहून, घोट घोट. गूळ-साखर नाही. जेवण झालं की थोडा वेळ आडवं व्हायचं, कोणी आळशी म्हटलं तरी. पहिल्या काही दिवसांत दोनदा चुकले, एकदा लग्नातलं सरबत घेऊन आणि एकदा दूध. ज्यांना चुकतं त्यांनी घाबरू नये. आडवं पडावं, ते जातं. आणि डॉक्टरांना रांगेचंसुद्धा सांगावं.

*

दादा पुन्हा आले. गावच्या गाडीची तिकिटं काढायची होती. चहा झाला. म्हणाले, "मग येताना हिचं तिकीट नको. ठरलंय ना?"

आये ट्रंकेवर, भिंतीकडे तोंड करून. मी ओट्यापाशी. हातात फडकं होतं. ते मी खाली ठेवलं आणि वळले. दादांच्या समोर मी तोपर्यंत चहा घ्या एवढंच बोलले होते.

"माझं परतीचं तिकीट काढा," मी म्हटलं. आवाज इतका मोठा आला की माझं मलाच कसंतरी झालं. "मी तिकडे राहणार नाय. पोरांबरोबर जाईन आणि पोरांबरोबर येईन."

दादा ह्यांच्याकडे बघायला लागले. "काय रे, ही काय बोलते?"

"तिलाच विचार ना," हे म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं. पिशवी, दार, कोसळणं. दादांना जठराचं सांगताना लाजेने कान तापले होते, पण थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. शेवटी म्हटलं, "आयेंची पेज वाईट नाय. आजाऱ्याने प्यावी अशीच आहे. पण माझं दारच काढलंय. दार असतं तर मी टोपभर प्यायले असते."

ट्रंकेवरून आवाज आला, "आणि तुका ह्या कधीपासून ठावक?"

मी बघितलं. आये वळल्या होत्या.

"तुम्ही बारशाक गेलास तेव्हापासून."

"मगे माका कित्याक नाय सांगलंस?"

"तुमका वाईट वाटात म्हणान."

आये ट्रंकेवरून उठल्या. मग म्हणाल्या, "माका वाईट वाटाक नको म्हणान तू मरतलंस काय गो?"

दादांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बघू मेच्या शेवटाक कशी दिसते ती." म्हणजे ठरलं नव्हतं. दादांचं ठरलं नाही असं मी पहिल्यांदा ऐकलं.

*

मे महिना गावाला काढला. आयेंनी मला एकदाही पातळ दिलं नाही. शेजारच्या बायका शहाळं घेऊन आल्या तर दारातच अडवायच्या. दादाही आले होते. जेवताना त्यांनी माझ्या ताटाकडे दोनदा बघितलं. अंगावर मांस चढलं म्हणावं असं नव्हतं, पण चोळी बसायला लागली होती.

निघायच्या दिवशी आये स्टँडवर आल्या. सामान चढलं, मुलं आत बसली. वाडीतल्या एका बाईने विचारलं, "सून हय रवतली म्हणी होता मां?"

माझा पाय गाडीच्या पायरीवर होता. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर आयेच म्हणाल्या, "खंय गो? तिची पोरा मुंबैक, ती हय रवान काय करतली?"

मी वर चढले आणि मंगलच्या शेजारी जाऊन बसले.